दारामागची बॅग, जिन्याखालची खुर्ची

परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, तुमची इमर्जन्सी बॅग कुठे असते?" तुमच्या शाळेत भूकंपाचा सराव झाला होता. आधी टेबलाखाली बसायचं, मग रांगेने मैदानावर यायचं. घरी गेल्यावर आपापली बॅग तपासा, असं बाईंनी सांगितलं होतं. तुझा धाकटा भाऊ मागून ओरडला की त्याच्या बॅगेत शिट्टीसुद्धा आहे. मी म्हटलं, आमचीही बॅग आहे, दारामागे असते. तेवढ्यात तुमची जेवायची वेळ झाली आणि बोलणं तिथेच थांबलं.

माझं उत्तर अर्धं राहिलं. बॅग कुठे असते ते सांगितलं, ती उचलून निघायची वेळ आली तेव्हा काय झालं ते राहिलं. तुमच्या बाबाला मी थोडक्यात सांगितलं होतं, त्याने तुम्हाला त्याहून थोडक्यात सांगितलं असेल. म्हणून हे लिहिते आहे. मराठीत लिहिते, आईकडून वाचून घ्या. माझं शिक्षण इंग्रजीत झालं आणि फोर्टातल्या ऑफिसात आयुष्यभर मी इंग्रजी पत्रंच टाइप केली. त्यामुळे इंग्रजीत लिहायला घेतलं की माझा हात आपोआप "आपल्या दिनांक अमुकच्या पत्रास अनुसरून" असं लिहायला लागतो. घरातलं तसं लिहिता येत नाही.

आमची घाटकोपरची बिल्डिंग तुम्हाला आठवत असेल. चार मजले, लिफ्ट नाही, आणि आपण सगळ्यात वर. आम्ही राहायला गेलो तेव्हा वरचा मजला मुद्दाम घेतला होता. वारा येतो, डोक्यावर कुणी मसाला कुटत नाही. तेव्हा गुडघ्यांचा विचार कोण करतो! पुढे गच्ची गळायला लागली, मग खांबांचं सिमेंट सुटून आतल्या गंजलेल्या सळ्या दिसायला लागल्या. तपासणी झाली, नोटीस आली, ती जिन्याजवळ चिकटवली, सगळ्यांनी उभं राहून वाचली आणि आपापल्या घरी जाऊन चहा प्यायले. मीटिंगा इतक्या झाल्या की कोण काय बोलणार ते आधीच पाठ असायचं. दुरुस्ती करायची की पाडून नवी बांधायची, ह्यावर वर्षं गेली. खाली पार्किंगमध्ये लोखंडी टेकू लावले गेले. थोड्याच दिवसांत कुणीतरी त्या टेकूंना दोरी बांधून कपडे वाळत घातले.

मी त्या वादात पडले नाही. मी बॅग भरली.

निळी रेक्झिनची बॅग, तुमचा बाबा कॉलेजच्या ट्रिपला न्यायचा ती. तिच्यात कागदपत्रं प्लास्टिकच्या फाइलमध्ये, आजोबांच्या गोळ्या, त्यांचा जुना चष्मा, दोघांचे एकेक सुती कपड्याचे जोड, एक पंचा, साबण, मेणबत्ती, काड्यापेटी, टॉर्च, पाण्याची बाटली, खजूर आणि बिस्किटं. बिस्किटं मऊ पडतात आणि गोळ्यांची मुदत संपते, म्हणून मी एक नियम ठेवला होता. गॅसचा सिलिंडर बदलला की बॅगेतली बिस्किटं, पाणी आणि गोळ्या बदलायच्या. सिलिंडरवाला दारात आला की आजोबा आतून म्हणायचे, "आली, बिस्किटं आली." जुनी बिस्किटं त्यांना चहाबरोबर मिळायची, म्हणून त्यांचा त्या बॅगेवर राग नव्हता.

त्यांचा राग होता खुर्चीवर.

ही खुर्ची तुम्ही पाहिली आहे, पण कशासाठी असते ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. खाली जिन्याच्या पोटात, मीटरच्या बाजूला, हातांची एक जुनी लाकडी खुर्ची असायची. सोसायटीची. आमच्या जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरत नाही. त्यामुळे वरच्या मजल्यावर कुणी फार आजारी झालं की ती खुर्ची वर जायची. माणसाला तिच्यात बसवायचं, छातीशी जुनी साडी बांधायची आणि चौघांनी चार पाय धरून खाली आणायचं. सगळा भार खालच्या बाजूला येतो. त्या बाजूला नेहमी तुमचे आजोबा. कारखान्यात फोरमन होते, खांदे मजबूत होते, आणि "हळू, हळू, आता वळवा" हे ओरडायला आवाजही होता. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांना त्यांनी नेलं. आमच्या समोरच्या वहिनींच्या यजमानांना नेलं. ह्या वहिनी मालवणकडच्या, तीस-पस्तीस वर्षांची शेजारीण. आमच्या दोघींच्या दारांत फक्त चपला ठेवण्यापुरती जागा.

खुर्चीतून खाली गेलेल्यांपैकी कुणी परत वर आलं नाही. ह्यात खुर्चीचा काही दोष नाही. लोक अगदी शेवटपर्यंत घरीच काढायचे आणि मगच दवाखान्याचं नाव घ्यायचे. हे मी आजोबांना कितीदा तरी समजावलं. ते म्हणायचे, "मला माहीत आहे. तरी मी बसणार नाही."

त्यांना अर्धांगाचा झटका आला तो भाजी घेताना, स्टेशनबाहेर. तिथूनच त्यांना हॉस्पिटलात नेलं. त्यामुळे तेव्हा खाली न्यायचा प्रश्नच आला नाही. घरी आणताना मात्र खुर्ची लागली. तेव्हा हट्ट न करता बसले. वर पोहोचल्यावर म्हणाले, "वर येणारी खुर्ची चालते." डावा हात आणि डावा पाय कमकुवत झाला होता. व्यायाम शिकवायला घरी येणाऱ्या मुलीने त्यांना भिंतीला धरून, मग काठी घेऊन घरातल्या घरात चालतं केलं. पण जिना उतरणं जमेना. त्यानंतर ते खाली गेले नाहीत. बाल्कनीत बसून खालच्या लोकांना सूचना द्यायचे.

म्हणजे बॅग तयार होती आणि ज्यांच्यासाठी ती भरली होती ते खाली कसे येणार, हे ठरलेलं नव्हतं. ह्या एका गोष्टीने मला थकवलं. काळजीचं काम झालं की माणूस झोपतो. हे काम होतच नव्हतं. मी एकदा दुपारी आमच्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर सराव करायचं ठरवलं. वहिनींना बोलावलं, तिसऱ्या मजल्यावरच्या सेक्रेटरींना बोलावलं. हे सेक्रेटरी बँकेत ऑफिसर, मूळचे नांदेडकडचे, शांत माणूस. आंबेडकर जयंतीला त्यांच्या घरून खिरीचा डबा यायचा, तो आजोबा एकटेच संपवायचे. तर मी पंचा घेऊन आजोबांच्या छातीशी बांधायला गेले.

"हे काय चाललंय?"

"सराव. नुसतं दारापर्यंत."

"मला बांधतेस?"

"अहो, पडू नये म्हणून."

"अगं, मी लोकांना असंच बांधलंय. मला माहीत आहे बांधलेला माणूस कसा दिसतो." उजव्या हाताने त्यांनी पंचा ओढून टाकला. "जिवंत आहे मी अजून. तुम्ही सगळे चहा घ्या आणि जा."

सेक्रेटरी चहा न घेता उठले, मग वाईट वाटून पुन्हा बसले आणि प्यायले. वहिनी जाता जाता म्हणाल्या, "ताई, ह्यां माणूस ऐकाचा नाय. देवाक घाला गाऱ्हाणां." मी देवाला काय सांगणार? मी बॅगेतला पंचा घडी करून परत ठेवला.

त्याच सुमारास शेजारच्या प्लॉटवरची जुनी बिल्डिंग पाडून टॉवरसाठी खड्डा खणायला सुरुवात झाली होती. खड्डा इतका खोल की बाल्कनीतून बघितलं तर माणसं मुंगीएवढी दिसत. यंत्र चालू झालं की आमच्या मांडणीवरचे पेले किणकिणायचे. आधी सगळे तक्रार करत होते, मग सवय झाली. ह्या शहरात माणसाला कशाची सवय होत नाही ते सांगा.

तो दिवस पावसाचा होता. दोन-तीन दिवस संततधार होती, रस्त्यावर पाणी नव्हतं पण जमीन पार भिजलेली. भांडीवाली बाई आली नव्हती. आमची जेवणं झाली, आजोबा कॉटवर आडवे झाले, मी ओटा पुसत होते. एखादं लोखंडी कपाट कुणी फरशीवरून ओढत नेतंय असा आवाज आला. लांबलचक. मग मांडणीवरचे पेले वाजले, आणि यंत्र तर पावसामुळे बंद होतं. मी स्वयंपाकघराचं दार ओढून बघितलं. ते चौकटीत अडकलं. सकाळी बंद झालेलं दार आता बंद होईना.

खाली आरडाओरडा सुरू झाला होता. सेक्रेटरी धापा टाकत वर आले. घरीच होते म्हणून बरं.

"काकू, खड्ड्याच्या बाजूची माती सरकली. आपली कंपाउंडची भिंत गेली खाली. पालिकेचे लोक आलेत, बिल्डिंग खाली करायला सांगतायत. आत्ता. गॅस बंद करा, बॅग घ्या, चला."

"आणि ह्यांचं काय?"

"मी खुर्ची आणि माणसं घेऊन येतो. अग्निशमनवाले पण येतायत. काकांना बसवून ठेवा." ते निघाले. वाटेत समोरच्या दारावर थाप मारून वहिनींनाही ओरडून सांगितलं.

मी गॅस बंद केला. तेवढ्यात वीज गेली. खालून तोडली होती. मी आत जाऊन म्हटलं, "अहो, उठा. निघायचंय."

"ऐकलं मी. तू हो पुढे."

"असं काय बोलता? सेक्रेटरी खुर्ची आणतायत."

"खुर्ची आणू नका म्हणावं."

"भिंत पडली आहे हो खालची! आता तरी हट्ट सोडा!"

ते छताकडे बघत राहिले. छताला एक बारीक भेग होती, ती जुनीच होती. जुनीच असावी.

त्यानंतर मी जे केलं ते तुमच्या शाळेतल्या बाईंना सांगू नका. मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासायला लागले.

माझी आई कधीही, एका रात्रीसाठी गावाला जायचं असलं तरी, खरकटी भांडी टाकून घराला कुलूप लावत नसे. अशुभ, असं ती म्हणायची. मी तसं मानत नाही, पण खरकटं ठेवून घर सोडायला माझाही हात धजत नाही. मुंग्या होतात, वास येतो, परत आल्यावर दार उघडताच जीव उदास होतो. इतकी वर्षं बॅगेचा विचार केला होता. साबणापासून काड्यापेटीपर्यंत सगळं आठवलं होतं. मोरीतल्या भांड्यांचा विचार केला नव्हता. दोन ताटं, वाट्या, आमटीचं पातेलं, कढई. ती तिथे पडलेली दिसली आणि मला बाहेर पडता येईना. शिवाय राग आला होता. त्या माणसाशी बोलायचं नव्हतं, आणि त्याला टाकून जायचंही नव्हतं. मग मी कढई घासत होते.

वहिनी दारातून आल्या. एका हातात त्यांच्या देवांचा पोळ्यांच्या डब्यात बसवलेला संसार, दुसऱ्या हातात छत्री.

"ओ ताई! अगो बाय माझे! घर पडाक इला आणि तुमी भांडी घासतास?"

"झालंच. एवढी कढई."

"कढई खड्ड्यात घाला ती! भावोजी खंय?"

"कॉटवर."

"कॉटवर कोण नाय."

मी हात तसेच साबणाचे घेऊन बाहेर आले. कॉट रिकामी. पुढचं दार उघडं. जिन्यात अंधार होता, तिथून कुणीतरी जोरात श्वास घेत असल्यासारखा आवाज येत होता. मी बॅगेतला टॉर्च काढला आणि बटण दाबलं. लागला नाही. सेल गळून टॉर्च खराब होऊ नये म्हणून मी ते काढून ड्रॉवरमध्ये ठेवले होते. व्यवस्थितपणाची हीसुद्धा एक तऱ्हा. शेवटी वहिनींनी मोबाइलचा उजेड पाडला.

आजोबा जिन्याच्या पायरीवर बसले होते. उभे नाही, बसलेले. लेंगा, बनियन, काठी मांडीवर आडवी. दारापासून जिन्यापर्यंत भिंत धरत आले होते आणि पहिल्या पायरीवर बूड टेकलं होतं. उजवा पाय खालच्या पायरीवर, डावा पाय उजव्या हाताने उचलून त्याच्या शेजारी ठेवलेला. त्यांनी उजवा हात पायरीवर दाबला, अंग सरकवलं आणि एक पायरी खाली आले. थोडं आपटले.

"अहो!"

"ती खुर्ची वर यायच्या आत निघालो. एकदा आली की मग माझं कोण ऐकणार?" मग मान न वळवता म्हणाले, "तू घास भांडी. मला वेळ लागणार आहे."

वहिनींना तशातही हसू फुटलं. मी बॅग खांद्याला लावली, पंचा काढला आणि त्यांच्या काखांखालून घालून पाठीमागे दोन्ही टोकं घट्ट धरली. ह्या वेळी त्यांनी तो ओढून टाकला नाही. दार नुसतं ओढून घेतलं. कुलूप आतच राहिलं.

अर्धा मजला उतरेपर्यंत खालून पावलं आली. सेक्रेटरी, आणि त्यांच्याबरोबर अग्निशमन दलाचे दोन जवान, त्यांच्या हातात ती खुर्ची. एकाने लगेच ती वळणावर मांडली. "आजोबा, बसा. तुम्हाला फुलासारखं नेतो. दोन मिनिटांत खाली."

"तू खुर्ची घेऊन हो पुढे. मी येतोय."

"आजोबा, टाइम नाहीये हो!"

"माझ्याकडे तरी कुठे आहे?"

जवान माझ्याकडे बघायला लागला. सेक्रेटरीही. त्या क्षणी निर्णय माझ्यावर आला, आणि मला तो नको होता. मी इतकी दमले होते की कुणीतरी त्यांना उचललं असतं तर मी एक शब्द बोलले नसते. खालून परत तो ओढल्यासारखा आवाज आला, ह्या वेळी बारीक. सगळ्यांनी ऐकला. मी म्हटलं, "अहो, हे बघा. दुसऱ्या मजल्यापर्यंत तुम्ही म्हणता तसं. तिथे दमलात तर हे उचलतील, आणि मग तुम्ही हूं की चूं करायचं नाही. कबूल?"

"बांधायचं नाही."

"नाही बांधायचं."

"मग कबूल."

एक जवान वरची घरं तपासायला गेला. दुसरा खुर्ची घेऊन त्यांच्या पुढे उलटा उलटा उतरत राहिला. सेक्रेटरींनी त्यांचा डावा पाय सांभाळला. बँकेतला ऑफिसर, प्रत्येक पायरीला वाकून त्यांचं पाऊल उचलायचा आणि खालच्या पायरीवर ठेवायचा. बाकीच्या मजल्यांवरची माणसं आधीच उतरून गेली होती. दारं उघडी, आत कुठे पंखा थांबलेला, कुठे ताट वाढलेलं.

दुसरा मजला यायच्या आधीच ते थांबले. बनियन भिजलं होतं, उजव्या हाताने अंग उचललं जाईना. जवान हळूच म्हणाला, "झालं ना आता, आजोबा?" खुर्ची समोरच होती. आजोबा तिच्याकडे बघत होते. मी पाठीमागून पंचा धरून उभी होते, मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. पण त्यांची मान खाली गेली ती दिसली, आणि मला वाटलं, संपलं. आता बसतील.

तेव्हा वहिनी मोबाइल धरून पुढच्या वळणावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावोजी, धप्प करा."

तुम्हाला हे आठवणार नाही. तुम्ही दोघं पाळीपाळीने ह्याच जिन्यावर उतरायला शिकलात. सुट्टीत यायचात, कडेवर घेतलं तर किंचाळायचात, आणि पायांना उभ्याने उतरता यायचं नाही. मग आजोबा तुम्हाला वरच्या पायरीवर बसवायचे आणि सरकायला शिकवायचे. प्रत्येक पायरीला मोठ्याने "धप्प" म्हणायचं. चार मजले धप्प, धप्प. दुपारी झोपलेल्या सगळ्या बिल्डिंगीने शिव्या दिल्या असतील. वहिनी तेव्हा दारात उभ्या राहून हसायच्या.

आजोबांनी मान वर केली. हात पायरीवर दाबला आणि सरकले.

"धप्प," वहिनी म्हणाल्या.

पुढच्या पायरीला सेक्रेटरीही पुटपुटले. त्यानंतर जवानसुद्धा. त्याला कुठे काय माहीत होतं? पण त्याने विचारलं नाही. मी म्हटलं नाही. माझे हात पंच्यात अडकले होते आणि साबण सुकून ते खाजत होते. दुसरा मजला कधी गेला ते कुणी बोललं नाही. मी ठरवलेली अट मीच विसरले.

खाली गेटपाशी सगळी बिल्डिंग छत्र्या घेऊन उभी होती. शेवटची पायरी उतरल्यावर आजोबांना दोघांनी धरून उभं केलं. जवानाने ती खुर्ची गेटच्या छपराखाली ठेवली. सगळे थांबले, कारण आजोबांचं आणि खुर्चीचं काय आहे ते आमच्याकडे प्रत्येकाला ठाऊक होतं. ते काठी टेकत तिच्यापर्यंत गेले, तिच्या हाताला धरून नीट वळले आणि बसले.

"आता बसतो," म्हणाले. "आता ही नुसती खुर्ची आहे. पाणी द्या कुणीतरी."

बॅगेतली बाटली दिली. बिस्किटंही दिली. सिलिंडर नुकताच बदलला होता, त्यामुळे ती कुरकुरीत होती.

पुढचं सगळं दमणूकच आहे, थोडक्यात सांगते. काही दिवस आम्ही जवळच्या पालिकेच्या शाळेत काढले. लहान मुलांच्या बाकांवर म्हातारी माणसं बसलेली, फळ्यावर आधीच्या वर्गाचं पाढ्यांचं अक्षर तसंच. मग मुलुंडला ही तळमजल्यावरची जागा भाड्याने मिळाली, तीच तुम्ही फोनवर बघता. बिल्डिंग पडली नाही. पण राहण्याजोगी नाही, असा निकाल झाला. सामान आणायला प्रत्येक घरातल्या एकाला थोडा वेळ वर सोडलं. मी गेले. त्या जिन्याने शेवटचं चढताना प्रत्येक मजल्यावर थांबले. दार उघडलं तर घर स्वच्छ होतं. ओटा पुसलेला, ताटं जाळीत पालथी घातलेली. मोरीत फक्त कढई, अर्धवट घासलेली, साबण सुकून पांढरा झालेला. मी ती आधी घासली आणि मगच बाकीचं सामान बांधलं. खाली उभा असलेला पोलीस ओरडत होता, "आजी, आवरा!" टॉर्चचे सेल ड्रॉवरमधून आठवणीने घेतले.

परत आल्यावर आजोबांना म्हटलं, आता बिल्डिंग पाडणार. ते म्हणाले, "म्हणजे माझंच खरं झालं. खाली आलेलं कुणी परत वर गेलं नाही. ह्या वेळी सगळी बिल्डिंगच खुर्चीत बसली." आणि हसले. मला हसू आलं नाही, पण मी चहा टाकला.

ती खुर्ची आता सेक्रेटरींकडे आहे. नवी इमारत उभी राहीपर्यंत सांभाळतो म्हणाले. नव्या इमारतीत लिफ्ट असणार, तेव्हा तिचं काय करायचं हे कुणालाच माहीत नाही. नवी इमारत केव्हा होणार हेही कुणाला माहीत नाही. आमच्या वयाला असले प्रश्न विचारायचे नसतात. वहिनी त्यांच्या लेकीकडे बोरिवलीला आहेत, फोन करतात आणि पहिलं वाक्य असतं, "काय ताई, कढई घासलास?"

इथे बाहेरच्या दारापाशी तीनच पायऱ्या आहेत. संध्याकाळी आजोबा त्या बसून उतरतात, मग काठी घेऊन गेटपर्यंत जाऊन येतात. रस्त्यावरची मुलं बघतात, त्यांना वाटतं आजोबा खेळतायत. असू दे.

तर बॅग. बॅग इथेही दारामागेच आहे, निळी तीच. टॉर्चमध्ये आता सेल घातलेले आहेत, गळले तर गळू देत. शिट्टी मात्र नाही. तुझ्या भावाला सांग, पुढच्या वेळी येताना एक घेऊन ये. तुम्हाला बाईंनी सांगितलं नसेल असं एक मी स्वतःपुरतं वाढवलं आहे. जेवण झालं की भांडीवालीची वाट न बघता मी लगेच उठते आणि भांडी घासून टाकते. डोळे मिटत असतात, कंबर नको म्हणत असते, तरी मोरी रिकामी करूनच कॉटकडे जाते. आजोबा आधीच आडवे झालेले असतात. अंगावरची चादर नीट करत रोज तेच विचारतात.

"झाली का भांडी?"

"झाली."

"मग निघायचं तर निघता येईल," म्हणतात, आणि कुशीवर वळतात.